चपळ विमानाची लढत: वेग केव्हा खर्च करावा

ग्वाल्हेरच्या महाराजपुरा तळावर १९८५ पासून मिराज २००० ही लढाऊ विमाने आहेत आणि हवाई दलाच्या निवडक वैमानिकांना लढतीचे डावपेच शिकवणारी टॅक्डी ही संस्थाही तिथेच आहे. त्यामुळे ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागातल्या मराठी घरांतील मुलांनी फ्लाइट सिम्युलेटरवर बसताच मिराज निवडले, तर त्यात नवल नाही. मात्र जॉयस्टिक पोटाशी ओढून धरली की विमान झर्रकन वळते, एवढ्यावर विसंबणारा खेळाडू दुसऱ्या-तिसऱ्या वळणातच हरतो.

याचे कारण वळणाच्या गणितात आहे. एकाच पातळीत राहून ९ जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट भार) इतके वळण घेणाऱ्या विमानाचा वेग ताशी १०८० किलोमीटर असेल, तर वर्तुळाची त्रिज्या सुमारे १ किलोमीटर होते आणि नाक सेकंदाला साधारण १७ अंश फिरते. वेग ७२० वर आणला, तर त्रिज्या साडेचारशे मीटरच्या आसपास येते आणि फिरण्याची गती २५ अंशांवर जाते. मग वेग आणखी कमी का करू नये? कारण पंखांचे उत्थापक बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, आणि एका मर्यादेखाली पंख ९ जी देऊच शकत नाहीत. पंख ९ जी देऊ शकतात अशा या सर्वांत कमी वेगाला कॉर्नर स्पीड म्हणतात. तो प्रत्येक विमानाचा वेगळा असतो आणि खेळाडूला तो पाठ असायलाच हवा.

मिराजचा त्रिकोणी पंख विस्तीर्ण असल्यामुळे पहिले वळण अतिशय तीव्र बसते, पण त्याच वळणात विमानाला मागे खेचणारी हवेची ओढ झपाट्याने वाढते आणि इंजिनाला ती भरून काढता येत नाही. वेग ताशी ९०० वरून ५४० किलोमीटरवर घसरणे म्हणजे सुमारे २००० मीटर उंची गमावण्याइतकी ऊर्जा गमावणे होय. अमेरिकी वैमानिक जॉन बॉइड आणि गणितज्ञ थॉमस क्रिस्टी यांनी १९६० च्या दशकात विमानांची तुलना याच ऊर्जेच्या हिशेबाने मांडली. सुखोई ३० एमकेआयच्या इंजिनांची झोताची दिशा बदलणारी फिरती नळकांडी पंखांनी साथ सोडल्यावरही नाक वळवू शकतात, पण तेव्हा विमान जवळजवळ आपल्या जागी लोंबकळते, आणि दुसरा शत्रू जवळ असेल तर ते सोपे लक्ष्य ठरते.

म्हणून दोन विमानांनी एकमेकांना समोरासमोर ओलांडल्यानंतरचा पहिला निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एक विमान डावीकडे आणि दुसरे उजवीकडे वळले, तर दोघांची वर्तुळे एकमेकांत मिसळतात. तिथे लहान त्रिज्येचे विमान सरस ठरते आणि मिराजने हाच डाव मांडावा. दोघेही डावीकडे वळले, तर वर्तुळे वेगळी पडतात आणि वेग टिकवून सतत वळत राहणारे विमान हळूहळू मागे येऊन बसते. शत्रूच्या वळणाबाहेर फेकले जाण्याची भीती वाटली, तर वर चढावे: वेगाची उंची होते, त्रिज्या आखडते आणि माथ्यावर विमान पालथे असताना गुरुत्वाकर्षणही वळणाला हातभार लावते.

सिम्युलेटरमध्ये शरीराला जीचा दाब जाणवत नाही, म्हणून ओढ किती वाढली हे केवळ वेगाच्या आकड्यावरून ओळखावे लागते. पहिल्या दोन वर्तुळांत नेम बसला नाही आणि वेग कॉर्नर स्पीडच्या खाली गेला, तर शत्रूचे नाक दुसरीकडे असतानाच जॉयस्टिक सैल सोडावी, नाक खाली करून पूर्ण थ्रॉटलवर दूर निघावे आणि वेग परत आल्यावरच पुन्हा वळावे.