पायथनमधलं == आणि इज: २५६ पर्यंत चाललं म्हणून एकच समजू नका

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा नवीन शिकणाऱ्यांच्या कोडमधे == च्या जागी इज (is) लिहायचा घोळ इतक्या वेळा बघितलाय की आता एकदा सविस्तर लिहूनच टाकतो.

== तुम्हाला माहितीये, दोन्हीकडची व्हॅल्यू सारखी आहे का ते बघतं. इफमधे चुकून एकच = पडलं तर पायथन तिथंच सिंटॅक्स एरर देतं, ती चूक लपत नाही. आणि "५" == ५ फॉल्स येतं कारण एक स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) आहे नि एक आकडा, इंट लावून आकडा करा आणि पुढे चला.

खरी गडबड इजची. इज व्हॅल्यूकडे बघतच नाही, दोन्ही नावं मेमरीतल्या त्याच एका ऑब्जेक्टची आहेत का एवढंच बघतं. समजा अ = [१, २], मग ब = अ, आणि क = [१, २]. आता अ == क ट्रू आहे पण अ इज क फॉल्स, कारण लिस्ट दोन आहेत, आतला माल फक्त सारखा. अ इज ब मात्र ट्रू, कारण ब ही नवीन लिस्ट नाहीच, त्याच लिस्टचं दुसरं नाव आहे, म्हणून तर ब मधे ३ अपेंड केला, म्हणजे शेवटी जोडला, की तो अ मधेही दिसतो आणि क जसाच्या तसा राहतो.

इथपर्यंत बहुतेकांना कळतं. मग ते आकड्यांवर तपासून बघतात आणि फसतात. अ = २५६, ब = २५६, अ इज ब केलं तर ट्रू येतं, झालं, दोन्ही सारखंच असं डोक्यात बसतं. आपण सगळे वापरतो त्या सीपायथनने (पायथनचा कोड चालवणारा नेहमीचा प्रोग्रॅम) वर्षानुवर्षं -५ ते २५६ हे आकडे आधीच बनवून ठेवलेले असतात आणि प्रत्येक वेळी तेच ऑब्जेक्ट हातात देतं, म्हणून ते ट्रू. शेलमधे, म्हणजे एकेक ओळ टाइप करून लगेच चालवता येते तिथे, एकेका ओळीत २५७ घेऊन बघा, फॉल्स येतं. आणि तेच २५७ फाइलमधे लिहून रन केलं तर परत ट्रू येऊ शकतं, कारण एकत्र कंपाइल होताना सारखे आकडे एकच करून टाकले जातात. ही सगळी मेमरी वाचवायची आतली सोय आहे, भाषेचा नियम नाही, पुढच्या व्हर्जनमधे बदलली तर तक्रार करायला जागा नाही.

स्ट्रिंगमधे हे जास्त छळतं. उत्तर = इनपुट() घेतलं, इफमधे उत्तर इज "हो" लिहिलं, समोरच्याने हो टाइप केलं तरी आत शिरत नाही. प्रिंट केलं तर हो च दिसतं, मग लोक स्ट्रिप लावतात, स्पेस शोधतात, एनकोडिंगला दोष देतात, अर्धा दिवस जातो. इनपुटने नवीन स्ट्रिंग बनवली, ती तुमच्या कोडमधली "हो" नाही, एवढंच झालेलं असतं. == लिहा, चालेल.

पायथन ३.८ पासून, म्हणजे २०१९ पासून, असं थेट आकड्याशी किंवा स्ट्रिंगशी इज लावलं तर सिंटॅक्स वॉर्निंग येते आणि == म्हणायचं होतं का असं ती स्पष्ट विचारते. ती वॉर्निंग बंद करून पुढे जाणारे बघितले की मला खरंच वाईट वाटतं. आणि दोन्हीकडे व्हेरिएबल असतील तर वॉर्निंगसुद्धा येत नाही.

"इज इंग्रजीसारखं वाचता येतं म्हणून छान वाटतं" हे कारण तर मला अजिबात पटत नाही. माझं म्हणणं, शिकताना इज फक्त ननसाठी (None, म्हणजे 'काहीच नाही' ही व्हॅल्यू) ठेवा. नन अख्ख्या प्रोग्रॅममधे एकच असतो, त्यामुळे एक्स इज नन अगदी बरोबर, पेप ८, म्हणजे पायथन कोड कसा लिहावा याची अधिकृत नियमावली, सुद्धा तेच सांगते. इथे उलट == नको, कारण == चा अर्थ प्रत्येक क्लास स्वतः ठरवू शकतो. नमपाय (NumPy) या आकडेमोडीच्या लायब्ररीतल्या ॲरेवर, म्हणजे आकड्यांच्या यादीवर, == नन केलं तर एक ट्रू-फॉल्स न मिळता प्रत्येक घटकाचं वेगळं उत्तर असलेला अख्खा ॲरे मिळतो, आणि त्यात एकापेक्षा जास्त घटक असले की इफ तिथेच व्हॅल्यू एरर देऊन थांबतं.