हात स्वच्छ असतात, तरी मेंदूला पटत नाही

साबण लावून २० सेकंद नीट चोळले की एरवी हात पुरेसे स्वच्छ होतात. मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, हा नको असलेले विचार आणि त्यांच्यापायी पुन्हा पुन्हा कराव्या लागणाऱ्या कृतींचा आजार. तो स्वच्छतेच्या रूपात झालेली व्यक्ती मात्र अर्धा-अर्धा तास नळाखाली हात धरून असू शकते. कातडी सोलवटली तरी हात मागे घेववत नाहीत. मळ उरलेला नाही हे बहुतेकींना कळत असतं. म्हणून "जरा मन घट्ट कर" हा घरच्यांचा सल्ला उपयोगाचा नाही, आणि क्रूरही आहे.

समोर साप दिसला आणि तो निघून गेला, की धोका संपल्याचं डोळ्यांना कळतं. जंतूंचं तसं नाही. ते येताना दिसत नाहीत आणि जातानाही दिसत नाहीत. मग धुणं थांबवायचं कधी? कॅनडातले संशोधक हेन्री शेख्टमन आणि एरिक वुडी यांनी २००४ मध्ये मांडलं, की अशा वेळी थांबण्याची खूण बाहेरून मिळत नाही, आतून येते. धुण्याची क्रिया करता करताच 'झालं, पुरे' अशी जाणीव उमटते आणि किळस ओसरते. मंत्रचळात ही जाणीव उमटतच नाही किंवा फार क्षीण असते. किळस आणि भीती खऱ्याच असतात, त्यांना आवर घालणारी खूण तेवढी हरवलेली असते.

मेंदूत याच्याशी निगडित एक वर्तुळ आहे. डोळ्यांच्या खोबणीच्या वर असलेला ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स 'काहीतरी चुकतंय' असा इशारा देतो. तो मेंदूच्या खोलवरच्या स्ट्रायटम या भागात जातो, तिथून थॅलॅमस या संदेश पुढे पाठवणाऱ्या भागाकडे आणि परत कॉर्टेक्सकडे. कोणती हालचाल पुढे जाऊ द्यायची आणि कोणती रोखायची, हे ठरण्यात स्ट्रायटमचा मोठा वाटा असतो. मंत्रचळात हे वर्तुळ प्रमाणाबाहेर सक्रिय दिसतं.

२००७ मध्ये ड्यूक विद्यापीठात गुओपिंग फेंग यांच्या गटाने उंदरांमधलं सॅपॅप३ हे जनुक काढून टाकलं. ते उंदीर तोंड इतकं साफ करत राहिले, की केस गेले आणि जखमा झाल्या. नैराश्य आणि ओसीडीवर दिलं जाणारं फ्लुओक्सेटिन हे औषध दिल्यावर हे कमी झालं. जनुक फक्त स्ट्रायटममध्ये परत घातलं, तरीही कमी झालं. उंदराला ओसीडी होतो असं यावरून म्हणता येत नाही. पण अंग साफ ठेवण्याची उपजत प्रवृत्ती कुठे बिघडू शकते, हे यातून स्पष्ट दिसलं.

आता भावनेचा भाग. हात धुतले की काही मिनिटं सुटल्यासारखं वाटतं. ही सुटकाच सवय पक्की करते. 'धुतलं म्हणून वाचलो' एवढंच मेंदू शिकतो, आणि न धुताही काही झालं नसतं हे शिकायची संधी जाते. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये नेमकी ही साखळी तोडणारी उपचारपद्धत मांडली. आज तिला ईआरपी (एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन) म्हणतात, म्हणजे भीती वाटते त्याला मुद्दाम सामोरं जायचं आणि धुण्यासारखी कृती रोखायची.

त्यात आधी १०-१५ प्रसंगांची यादी करून प्रत्येकाला अस्वस्थतेचे ० ते १०० गुण देतात. समजा, घराच्या दाराची कडी ३०, बसमधला दांडा ५०, चपलेचा तळ ७०, सार्वजनिक संडासाची कडी ९०. सुरुवात ३०-४० पासून. पूर्ण तळहात टेकवायचा, मग तोच हात कपड्यांना आणि उशीला लावायचा आणि धुवायचं नाही. एक बैठक ४५ ते ९० मिनिटांची, अशा साधारण १२ ते २० बैठका, आणि मधल्या दिवसांत घरी रोज सराव. एखाद्या बैठकीत अस्वस्थता उतरली नाही, तरी ती बैठक फुकट गेली असं नाही. अस्वस्थता सोसूनही काही बिघडलं नाही, हे शिकणंच महत्त्वाचं.

फसतं ते बहुतेकदा लपून केलेल्या कृतींमुळे: फक्त बोटांची टोकं टेकवणं, गुपचूप सॅनिटायझर लावणं, मनातल्या मनात जप किंवा आकडे म्हणणं, 'घरी गेल्यावर धुवेन' असं स्वतःला सांगणं. सर्वांत नकळत होणारी चूक घरच्यांची. "आई, माझे हात स्वच्छ आहेत ना?" याला दर वेळी "हो गं" म्हणणं हेही धुण्याइतकंच काम करतं. त्याऐवजी "हा प्रश्न मंत्रचळ विचारतोय, मी उत्तर देणार नाही, पण तुझ्याजवळ बसते," असं म्हणता येतं. मात्र हे आधी तिच्याशी बोलून ठरवावं आणि हळूहळू आणावं. एका दिवसात सगळा आधार काढून घेतला, तर उपचारच सुटतात.

१९९२ मध्ये लुईस बॅक्स्टर यांच्या गटाने पेट स्कॅनने (मेंदूचा कोणता भाग किती सक्रिय आहे हे दाखवणाऱ्या तपासणीने) पाहिलं, की गुण आलेल्या रुग्णांमध्ये स्ट्रायटमच्या कॉडेट या भागातली अतिरिक्त सक्रियता कमी झाली होती, फ्लुओक्सेटिनने आणि नुसत्या वर्तनोपचारानेही. औषधाबाबत धीर धरावा लागतो. नैराश्यात फ्लुओक्सेटिन बऱ्याचदा २० मिलिग्रॅम पुरतं, इथे ४० ते ६० लागू शकतं आणि परिणाम कळायला ८ ते १२ आठवडे जातात. तिसऱ्या आठवड्यात 'गुण नाही' म्हणून गोळी सोडणारे बरेच असतात. मात्रा वाढवणं वा थांबवणं मानसोपचारतज्ज्ञांनीच ठरवावं.

रोज तासाभराहून जास्त वेळ यात जात असेल किंवा त्यामुळे काम, शाळा, जेवणखाण अडत असेल, तर वाट पाहू नये. कुठे जायचं सुचत नसेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोन-सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. डॉक्टर निवडताना ईआरपी करतात का, हे स्पष्ट विचारावं. नुसतं समजावून सांगणारं समुपदेशन या आजारात फारसं पुरत नाही.