श्वास सोडून काढलेला स्कॅन

“श्वास घ्या, धरून ठेवा… आता सोडा.” सीटी स्कॅनच्या खोलीतली ही सूचना पुष्कळांच्या कानावरून गेलेली असते. जुनाट कोरडा खोकला आणि धाप घेऊन आलेल्या माणसाला मात्र पुढे आणखी एक काम सांगतात : श्वास पूर्ण बाहेर सोडायचा आणि तसंच थांबायचं. ज्याला जिना चढताना दम लागतो, त्याला ते काही सेकंदही जड जातात. पण कधी कधी निदानाचा धागा नेमका तिथेच सापडतो.

फुप्फुसात व्रण साचत गेले की ते आकसतं, कडक होतं. हा फायब्रोसिस. पाठीवर खालच्या बाजूला स्टेथोस्कोप लावला की चपलेचा वेल्क्रोचा पट्टा उकलावा तशी चरचर ऐकू येते. व्रण कशाने पडले, हे मात्र त्या आवाजावरून कळत नाही. साध्या एक्स-रेत पुढच्या-मागच्या सावल्या एकमेकींवर पडतात. एचआरसीटीत, म्हणजे जास्त बारकाईने काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये, फुप्फुसाचे जेमतेम एक-दीड मिलिमीटरचे काप दिसतात आणि व्रण नेमके कुठे आहेत, ते पाहता येतं.

कारण न सापडणारा फायब्रोसिस, म्हणजे आयपीएफ, बहुधा साठीच्या आसपास किंवा त्यानंतर, पुरुषांत जास्त आढळतो. तो तळाशी, बरगड्यांलगतच्या कडेने पसरतो. तिथे जाड भिंतींची छोटी पोकळ घरं एकावर एक रचलेली दिसतात. डॉक्टरही त्याला मधाचं पोळंच म्हणतात. चित्र इतकं नमुनेदार असेल, तर फुप्फुसाचा तुकडा काढून तपासायची वेळ सहसा येत नाही. तळाशी नुसती धूसर सावली असेल तर रुग्णाला पालथं झोपवून पुन्हा स्कॅन काढतात. वजनाने दबलेल्या भागाची सावली पालथं झाल्यावर नाहीशी होते, व्रण जागचा हलत नाही.

स्क्लेरोडर्मासारख्या संधिवाताच्या आजारातही व्रण तळाशीच असतात, पण बरगड्यांलगतची बारीक पट्टी अनेकदा मोकळी राहते. अशा वेळी जाणता रेडिओलॉजिस्ट त्याच स्कॅनमध्ये अन्ननलिकेकडेही नजर टाकतो. ती फुगलेली असेल तर संशय बळावतो. जुन्या टीबीचे व्रण बहुधा वरच्या टोकाला आणि दोन्ही बाजूंना सारखे नसलेले.

आता हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. कबुतरांच्या विष्ठेतली-पिसांतली प्रथिनं किंवा ओल्या जागेतली बुरशी वर्षानुवर्षं श्वासावाटे जात राहते आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यावर तुटून पडते. यात बारीक श्वासनलिकाही सुजतात, त्यामुळे आत गेलेली हवा अडकून पडते. श्वास सोडल्यावर निरोगी भाग आक्रसून करडा होतो, अडकलेल्या हवेचे तुकडे काळेच राहतात. त्यांच्या शेजारी सुजेचे धूसर पांढरे पट्टे. या तीन छटांच्या खुणेला पूर्वी एका युरोपीय मांसपदार्थाचं नाव होतं. ते बदललं हे बरंच झालं, आपल्याकडे त्यातून काय बोध होणार होता?

भारतातल्या १९ शहरांतल्या, फुप्फुसाचे असे आजार असलेल्या १,०८४ रुग्णांची नोंदवही २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत सुमारे ४७ टक्के रुग्णांना हाच आजार होता, आयपीएफ जेमतेम १४ टक्क्यांना. आणि या ४७ टक्क्यांपैकी जवळपास निम्म्यांचा संबंध एअर कूलरशी होता. दादरच्या कबुतरखान्यावरून इतका वाद झाला, पण हॉलमधल्या कूलरच्या ओल्या जाळीविषयी कोणी अवाक्षर काढत नाही.

हा फरक ओळखण्यावर औषध ठरतं. आयपीएफमध्ये स्टेरॉइड आणि अ‍ॅझाथायोप्रिन यांचा समावेश असलेल्या औषधांच्या जोडणीने मृत्यू वाढतात, हे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. तिथे पिरफेनिडोन किंवा निन्टेडॅनिब देतात. ती व्रण पुसत नाहीत, वाढ मंदावतात. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसमध्ये स्टेरॉइडचा अनेकांना उपयोग होतो, पण आधी कारण घरातून हटवावं लागतं.

म्हणून स्कॅनमध्ये काळे तुकडे दिसले की डॉक्टर पुन्हा रुग्णाकडे वळतात. “घरात पक्षी पाळलेत?” नाही. “कबुतरं?” छे, फक्त बाल्कनीत येतात. “कूलर?” हो, तो आहे की, पण तो उन्हाळ्यापुरताच.