डायनासोर काढायचाय? मग आधी कोंबडी चालताना बघा

पक्ष्यांचं वेड आणि डायनासोरचं वेड ही दोन वेगळी वेडं आहेत असं बऱ्याच जणांना वाटतं, मला ते कधीच पटलं नाही. पक्षी हे डायनासोरच आहेत, आणि हे मी कौतुकाने म्हणत नाहीये, वर्गीकरणात ते तिथेच बसतात. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जो महाविनाश झाला त्यातून डायनासोरांची एक फांदी वाचली आणि तिच्या आज साधारण ११ हजार जाती उडतायत, पोहतायत, पळतायत. त्यामुळे ज्याला नामशेष प्राण्यांची चित्रं काढायचीत, म्हणजे ज्याला पॅलिओआर्ट म्हणतात ते करायचंय, त्याचं निम्मं शिक्षण पक्षी बघण्यातच होतं असं माझं ठाम मत आहे.

घुबडाचंच घ्या. आपल्याला दिसतं ते गोल डोकं, मान जवळपास नाहीच, आखूड पाय, मऊ गुबगुबीत अंग. आता त्याचा सांगाडा बघा, चांगली लांब वळणदार मान (मानेत १४ मणके, आपल्या ७ च्या दुप्पट!), लांब पाय, आणि डोकं पिसांशिवाय एवढंसं. घुबड कधी न बघितलेल्या माणसाच्या हातात हा सांगाडा दिला आणि चित्र काढ म्हटलं तर तो हाडांवर नुसती कातडी ताणून एक भेसूर बारीक प्राणी काढेल, आणि तो घुबडासारखा अजिबात दिसणार नाही. डायनासोरांच्या बाबतीत चित्रकारांनी कितीतरी वर्षं हेच केलं, कवटीतली भोकं बाहेरून दिसतायत, चरबी नाही, गळ्याची सैल कातडी नाही, ओठ नाहीत. २०२३ मध्ये एक अभ्यास आला त्यात टी रेक्सचे दात तोंड मिटल्यावर घोरपडीसारखे ओठांच्या आत झाकलेले असावेत असं मांडलंय, तेव्हा दात बाहेर काढलेल्या जुन्या चित्रांचाही पुन्हा विचार करावा लागणार.

या कलेला दोनशे वर्षं होत आली. मेरी ॲनिंगने इंग्लंडच्या किनाऱ्यावर शोधलेल्या फॉसिल्सवरून हेन्री डे ला बेश या भूगर्भशास्त्रज्ञाने १८३० मध्ये एक जलरंग चित्र काढलं, प्राचीन समुद्रात सगळे एकमेकांना खातायत असं, आणि त्याच्या छापील प्रती विकून आलेले पैसे मेरीला दिले. मग १८५४ मध्ये लंडनला क्रिस्टल पॅलेसच्या बागेत शिल्पकार बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्सचे नामशेष प्राण्यांचे भले मोठे पुतळे उभे राहिले, ते आजही आहेत. त्यातला इग्वानोडॉन हा डायनासोर चार पायांवरचा गेंड्यासारखा दिसतो आणि नाकावर शिंग. १८७८ मध्ये बेल्जियममधल्या बर्निसार्टच्या कोळशाच्या खाणीत इग्वानोडॉनचे अख्खे सांगाडे सापडले तेव्हा कळलं की ते शिंग म्हणजे अंगठ्यावरचा काटा आहे. हॉकिन्सला नावं ठेवणं सोपं आहे, पण हातात मोजकी हाडं असताना त्याने लोकांसमोर पहिल्यांदा एवढे मोठे प्राणी उभे केले, माझ्या मनात त्याच्याविषयी आदरच आहे.

माझा सगळ्यात आवडता माणूस मात्र चार्ल्स नाइट. नजर अधू, त्यात लहानपणी उजव्या डोळ्याला दगड लागलेला, तरी हा माणूस प्राणिसंग्रहालयात जाऊन जिवंत प्राण्यांची स्केचेस करायचा, मेलेल्या प्राण्यांचे स्नायू कसे बसलेत ते समजून घ्यायचा आणि मग फॉसिलकडे वळायचा. १८९७ मध्ये त्याने दोन शिकारी डायनासोर एकमेकांवर झेपावताना काढले, एक उताणा पडून पाय वर करून लढतोय आणि दुसरा हवेत! पुढे कितीतरी दशकं बाकीच्या चित्रांत डायनासोर शेपूट घासत चिखलात सुस्त उभे होते, आणि इकडे सापडलेल्या पाऊलखुणांमध्ये शेपूट घासल्याची रेघ बहुतेक नसायचीच. नाइटचं ते चित्र म्हणूनच मला अजून ताजं वाटतं.

पक्षी आणि डायनासोर यांचं नातं तसं फार लवकर लक्षात आलं होतं. १८६१ मध्ये जर्मनीतल्या झोल्नहोफेनच्या चुनखडीत आर्किओप्टेरिक्स मिळाला, साधारण १५ कोटी वर्षांपूर्वीचा, पिसं आणि पंख पक्ष्यासारखे पण दात आणि हाडांची लांब शेपटी सरपटणाऱ्या प्राण्यासारखी. थॉमस हक्सले या इंग्लंडच्या जीवशास्त्रज्ञाने त्याच काळात हे नातं जोरात मांडलं. पण गेरहार्ड हाइलमान नावाचा डेन्मार्कचा चित्रकार होता, पक्ष्यांच्या उगमावर त्याने प्रचंड काम केलं, आणि १९२६ मध्ये इंग्रजीत आलेल्या पुस्तकात तो म्हणाला की पक्ष्यांना विशबोन असतं, म्हणजे गळपट्टीची दोन हाडं जुळून झालेलं ते इंग्रजी व्हीच्या आकाराचं हाड, आणि डायनासोरांना गळपट्टीची हाडंच नाहीत, एकदा गेलेलं हाड परत येत नाही, सबब पक्षी डायनासोरांपासून आले नसणार. खरं तर मंगोलियातल्या ओव्हिरॅप्टर या डायनासोरमध्ये ते हाड सापडलेलं होतं, १९२४ च्या वर्णनात त्याचं चित्रही आहे, फक्त ते दुसरंच हाड समजलं गेलं! आता टी रेक्सचंही विशबोन आपल्याकडे आहे. पण त्या काळी हाइलमानचं म्हणणं जवळपास चाळीस वर्षं चाललं.

मग १९६४ मध्ये जॉन ऑस्ट्रॉम या अमेरिकन शास्त्रज्ञाला मोंटानात डायनोनिकस हा शिकारी डायनासोर मिळाला आणि सगळा सूर बदलला. पायावर विळ्यासारखी नखी, तोल सांभाळणारी ताठ शेपूट, आणि मनगट असं की हात पक्ष्याच्या पंखासारखा बाजूला दुमडेल. १९६९ च्या त्याच्या लेखासाठी त्याचा विद्यार्थी रॉबर्ट बॅकरने एक चित्र काढलं, पाठ आडवी, शेपूट मागे सरळ, एक पाय उचलून धावणारा चपळ प्राणी, अंगावर पिसं नाहीत तरी बघताक्षणी पक्षी आठवतो. १९९६ मध्ये चीनमधल्या ल्याओनिंगच्या सायनोसॉरोप्टेरिक्सचे फोटो न्यूयॉर्कच्या एका परिषदेत पोचले, अंगभर पिसांसारखी लव असलेला डायनासोर, आणि ते फोटो बघायला ऑस्ट्रॉम स्वतः तिथे होता. इतकी वर्षं जे म्हणत आलो त्याचा पुरावा असा हातात येणं, किती थोड्या शास्त्रज्ञांच्या वाट्याला येतं हे!

तरी मनगट अजूनही चुकतं, म्हणून चित्र बघताना मी आधी तेच बघतो. शिकारी डायनासोरांचे तळवे एकमेकांकडे वळलेले असायचे, टाळी वाजवताना असतात तसे, जमिनीकडे नाही. पाय बघायचे तर कोंबडी बघा, तिचा मागे वळलेला "गुडघा" हा खरं तर घोटा आहे, खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो आणि मांडी जवळजवळ आडवी. पण डायनासोरला जड शेपूट होती, कोंबडीला नाही, मग चाल सारखी कशी असेल? २०१४ मध्ये चिलीतल्या संशोधकांनी पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यापासून त्यांच्या मागे वजनदार खोटी शेपटी लावून वाढवली, तर त्या कोंबड्यांची मांडी जास्त उभी राहायला लागली आणि पाय गुडघ्यापेक्षा खुब्यातून जास्त हलायला लागला, म्हणजे डायनासोरसारखी चाल! असा प्रयोग सुचणाऱ्याला माझा सलाम.

आणि रंग. मी लहान असताना डायनासोरचा रंग कधीच कळणार नाही असंच सगळीकडे लिहिलेलं असायचं. पिसांमध्ये मेलॅनोसोम नावाचे रंगाचे सूक्ष्म कण असतात, काळ्या रंगाचे लांबट आणि तांबूस रंगाचे गोलसर. फॉसिल पिसांत हे कण पूर्वीही दिसले होते पण बॅक्टेरिया समजून सोडून दिले होते. याकोब विंथरला फॉसिल झालेल्या माकुळासारख्या प्राण्याच्या शाईत असेच कण दिसले, आणि २००८ मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी ब्राझीलच्या एका पट्टेरी फॉसिल पिसात दाखवलं की काळ्या पट्ट्यांत कण आहेत, पांढऱ्यांत नाहीत, बॅक्टेरिया असते तर सगळीकडे असते ना! २०१० मध्ये सायनोसॉरोप्टेरिक्सच्या शेपटीवर तांबूस आणि फिकट पट्टे निघाले, त्याच वर्षी अँकिऑर्निस या पिसांच्या डायनासोरचं काळंपांढरं अंग आणि तांबूस तुरा, २०१२ मध्ये चार पंखांच्या मायक्रोरॅप्टरची कावळ्यासारखी चमकती काळी झाक. पाठ गडद आणि पोट फिकट, ती सीमारेषा अंगावर कुठे येते यावरून तो प्राणी मोकळ्या रानात राहायचा की दाट झाडीत याचाही अंदाज बांधता येतो. पिवळा, लाल असे जे रंग पक्ष्यांना खाण्यातून मिळतात ते मात्र फॉसिलमध्ये क्वचितच टिकतात, तेव्हा तिथे चित्रकाराला अजून बरीच मोकळीक आहे.

मोकळीक किती घ्यावी यावर पॅलिओआर्टवाल्यांत नेहमी वाद होतात, मी घ्यावी या बाजूचा, कारण डायनोकायरस नावाचा डायनासोर. १९६५ मध्ये मंगोलियात याचे फक्त २.४ मीटर लांब हात आणि थोडी हाडं मिळाली, आणि पन्नासेक वर्षं लोक त्या हातांना शरीर कल्पून जोडत राहिले, कुणी भयंकर शिकारी काढला, कुणी प्रचंड शहामृग. २०१४ मध्ये बाकीचा सांगाडा समोर आला तर पाठीवर उंच उंचवटा, बदकासारखं चपटं तोंड, पोटात अन्न दळायचे गोटे आणि माशांचे अवशेष, आणि शेपटीच्या टोकाचे मणके जुळलेले, आजच्या पक्ष्यांमध्ये शेपटीची पिसं धरायला असतात तसे. एवढ्या वर्षांत असा प्राणी एकानेही काढलेला नव्हता.