पंखावरचा प्लाझ्मा

प्लाझ्मा, म्हणजे ज्यातल्या काही रेणूंचे इलेक्ट्रॉन सुटून प्रभारित कण (आयन) बनले आहेत असा वायू. तो म्हणजे हजारो अंशांचा जाळ, ही समजूत फार पक्की आहे. त्यामुळे विमानाच्या पंखावर, हवेचा प्रवाह पंखाला धरून राहावा म्हणून, मुद्दाम प्लाझ्मा तयार करतात असं सांगितलं की ‘पंख वितळणार नाही का?’ हा प्रश्न हमखास येतो. नाही वितळत. या प्लाझ्मात दहा लाख रेणूंमागे एकसुद्धा आयन नसतो. तापलेले असतात ते इलेक्ट्रॉन. हवा फारशी तापत नाही.

रचना साधी आहे. तांब्याच्या दोन पातळ पट्ट्या, मध्ये टेफ्लॉनसारख्या विद्युतरोधकाचा थर. एक पट्टी वर, हवेत उघडी. दुसरी थराखाली, जराशी पुढे सरकवलेली. काही हजार व्होल्टचा, सेकंदाला हजारो वेळा उलटणारा विद्युतदाब दिला की झाकलेल्या पट्टीवर जांभळट झळाळी पसरते आणि पृष्ठभागालगतची हवा त्या दिशेनं वाहू लागते. टेनेसी विद्यापीठातल्या जे. रीस रॉथ यांनी १९९०च्या दशकात यावर काम सुरू केलं.

मला यातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हे: वीज दिशा बदलत राहते, मग झोत का उलटत नाही? उघडी पट्टी धन असते तेव्हा ती धन आयनांना दूर लोटते. ती ऋण झाली की तिच्यातून निघालेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या रेणूंना चिकटतात, ऋण आयन बनतात, आणि आता तीच पट्टी त्यांनाही दूर लोटते. पळणारे आयन वाटेतल्या साध्या रेणूंवर आदळून आपला संवेग त्यांना देतात. दोन्ही वेळचा रेटा सारखा नसतो, थोडी उलटी ओढही असते, पण बेरीज पुढच्याच दिशेची. दरम्यान थरावर साचलेला प्रभार विद्युतक्षेत्र खोडत जातो आणि झळाळी विझते. म्हणून ठिणगी पडत नाही, आणि म्हणूनच दिशा उलटवत राहावी लागते.

झोताचा वेग सेकंदाला जेमतेम १० मीटर. पण पंखाचा कोन वाढला की पृष्ठभागालगतची मंदावलेली हवा वाढत्या दाबापुढे थकते, प्रवाह पंखापासून सुटतो आणि उचलणारं बल कोसळतं. हाच स्टॉल. मदत हवी असते ती पृष्ठभागालगतच्या या मंद हवेच्या पातळ थराला, म्हणजे सीमास्तरालाच. प्लाझ्मा योग्य लयीत चालू-बंद केला तर तिथे भोवरे तयार होतात आणि वरची वेगवान हवा खाली आणतात.

याच आयनी वाऱ्यावर तरंगणारी हलकी यंत्रं ‘गुरुत्वाकर्षणावर मात’ म्हणून दाखवली जातात, ते धादांत खोटं आहे. निर्वातात ती उठत नाहीत.

प्रवासी विमानाच्या सेकंदाला सुमारे २५० मीटर वेगापुढे मात्र हा झोत दुबळा पडतो. तिथे नॅनोसेकंदांचे विद्युतस्पंद वापरून पाहतात. ते हवा ढकलत नाहीत, क्षणार्धात तापवतात, आणि त्यातून उठणारी दाबलहर सीमास्तर ढवळून काढते.