कोलाज आणि फोटोमोंताज: कात्रणे तीच, काम वेगळे

रद्दीतून वर्षानुवर्षे छायाचित्रे जमवून त्यांतून कलाकृती घडवणाऱ्या चित्रकाराचे काम पाहिले, की आपण त्याला सरसकट कोलाज, म्हणजे कागदाचे तुकडे चिकटवून केलेले चित्र, म्हणून मोकळे होतो. नागपुरातल्या प्रदर्शनांतही हेच कानांवर येते. वास्तविक अशा कामांतले बरेचसे फोटोमोंताज, म्हणजे छायाचित्रांचे तुकडे जोडून घडवलेले नवे चित्र असते, आणि चित्राकडे कसे पाहायचे हेच या फरकावर ठरते.

कोलाजमध्ये कागद हा कागदच राहतो. पिकासोने १९१२ च्या अखेरीस केलेल्या एका चित्रात गिटार, ग्लास आणि स्वरलिपीच्या जोडीला 'ल जुर्नाल' या पॅरिसच्या दैनिकाचा तुकडा चिकटवलेला आहे. त्यावर दैनिकाचे अर्धवट कापलेले नाव आणि लढाई सुरू झाल्याचा, बाल्कन युद्धाच्या बातमीचा मथळा वाचता येतो. त्या तुकड्याची शाई, त्याची कापलेली कड आणि मागच्या वॉलपेपरहून निराळा असलेला त्याचा पोत नजरेत भरावा, अशाच रीतीने तो लावलेला आहे.

फोटोमोंताज पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनच्या दादावाद्यांच्या, म्हणजे रूढ कलेला धुडकावणाऱ्या कलावंतांच्या, हातून आकाराला आले. तिथे कागदापेक्षा छायाचित्राची साक्ष मोलाची ठरते. जॉन हार्टफील्ड या जर्मन कलावंताच्या १९३२ मधल्या प्रसिद्ध कृतीत भाषण करणाऱ्या हिटलरची छाती एक्स-रेमध्ये दिसावी तशी दिसते आणि आत सोन्याच्या नाण्यांची चळत रचलेली असते. सांधा उघडा पडला असता तर हिटलर पैशावर पोसलेला आहे या आरोपाची धार गेली असती. म्हणून हार्टफील्ड तुकडे जोडून, रिटच करवून, त्याचे पुन्हा छायाचित्र घेववत असे, आणि 'एआयझेड' या जर्मन कामगारांच्या सचित्र साप्ताहिकाच्या छापील पानावरच ती कृती पूर्ण होत असे. बर्लिनच्याच दादावादी हाना होखच्या १९१९-२० मधल्या मोठ्या कृतीत मात्र सांधे उघडे आहेत. तरीही मी तिला फोटोमोंताजच म्हणेन, कारण तिथला अर्थ पुढाऱ्यांची ओळखीची डोकी भलत्याच धडांवर बसल्यामुळे निर्माण होतो.

नागपुरात काम करणाऱ्याला हा फरक फार लवकर जाणवतो. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातले लिग्निन हे द्रव्य बरेच शिल्लक असते आणि ते प्रकाशाने व हवेने पिवळे पडते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा खिडकीलगतचे कात्रण बघता बघता तांबूस होते, कूलरच्या दमट हवेने त्याच्या कडा वळतात. कोलाज करणाऱ्याला हा पिवळेपणा चित्राचा भाग म्हणून स्वीकारता येतो. मोंताज करणारा कात्रणे स्कॅन करून आम्लरहित कागदावर छापू शकतो, पण मग वर्तमानपत्राच्या छपाईचे ठिपके उठून दिसतात आणि त्या ठिपक्यांची जाळी व नव्या छपाईची जाळी एकमेकींवर येऊन नको असलेली नक्षी उमटते, म्हणून स्कॅन किंचित धूसर करून घ्यावे लागते. शिवाय प्रत्येक कात्रणामागे दैनिकाचे नाव आणि तारीख पेन्सिलीने लिहून ठेवणे त्याला टाळता येत नाही: छायाचित्र कोणाचे आणि कोणत्या प्रसंगाचे हे हरवले, तर त्याच्या कृतीतली साक्षच उरत नाही.