चॅरिटी शॉप आणि जुन्या वस्तूंचं दान

चॅरिटी शॉप म्हणजे लोकांनी फुकट दिलेल्या जुन्या वस्तू विकायच्या आणि त्या पैशातून एखाद्या सेवाभावी संस्थेचं काम चालवायचं, असं दुकान. बऱ्याच जणांचा इथेच गोंधळ होतो, त्यांना वाटतं आपण दिलेला स्वेटर थेट कुणा गरजूच्या अंगावर जाणार, पण तो हँगरला लागतो, कुणीही येऊन विकत घेतं आणि संस्थेला मिळतात ते पैसे. म्हणून जी वस्तू कुणी पैसे देऊन घेणारच नाही, ती देऊन संस्थेच्या हाती काहीच लागत नाही. अमेरिकेत याला थ्रिफ्ट स्टोअर म्हणतात, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला ऑप शॉप.

कल्पना तशी जुनीच आहे. बॉस्टनमध्ये १९०२ साली एडगर हेल्म्स नावाच्या पाद्रींनी सुखवस्तू घरांतून जुने कपडे आणि सामान गोळा केलं, ते दुरुस्त करायचं काम बेकार लोकांना दिलं आणि विक्रीतून त्यांची मजुरी भागवली, त्यातूनच पुढे गुडविल ही संस्था उभी राहिली. ब्रिटनमध्ये ऑक्सफॅम या मदतसंस्थेची सुरुवात १९४२ ला झाली, महायुद्धात ग्रीसमध्ये लोक भुकेने मरत होते तेव्हा, आणि १९४७ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर दुकान काढलं. आज ब्रिटनमधल्या बहुतेक बाजारपेठांत असं एखादं दुकान सापडतंच. सरकारचाही हातभार असतो, दान आलेल्या वस्तूंच्या विक्रीवर व्हॅट शून्य, इंग्लंडमध्ये दुकानाच्या जागेवरच्या करात ८० टक्के सूट, शिवाय देणारा तिथला करदाता असेल आणि त्याने गिफ्ट एडचा फॉर्म भरला असेल तर त्याच्या वस्तू विकून आलेल्या प्रत्येक पाउंडामागे संस्थेला सरकारकडून आणखी २५ पेन्स मिळतात. फॉर्म भरायला दोन मिनिटं लागतात, कंटाळा करू नये.

खरं काम चालतं ते दुकानाच्या मागच्या खोलीत. पिशव्या तिथे उघडतात, आणि उघडणारे बहुतेक बिनपगारी स्वयंसेवक असतात, त्यात निवृत्त माणसं खूप. एकेक कपडा उजेडात धरून काखेतले डाग बघायचे, चेन वरखाली करायची, खिसे तपासायचे (चष्मा, जुनी पत्रं, कधी कधी अंगठीसुद्धा निघते), मग इस्त्रीऐवजी वाफेच्या नळीने सुरकुत्या काढायच्या आणि किमतीचं लेबल लावायचं. एका पिशवीत ओला टॉवेल असला तर बाकी चांगल्या कपड्यांनाही कुबट वास लागतो, सगळी पिशवीच वाया जाते. म्हणूनच रात्री बंद दारासमोर पिशव्या ठेवून जाऊ नये, पावसात भिजतात, लोक उचकटतात, आणि तो कचरा उचलायचा खर्च संस्थेच्या डोक्यावर बसतो.

काही गोष्टी धडधाकट असूनही बरीच दुकानं घेत नाहीत. मुलांची कार सीट आणि सायकलचं हेल्मेट आधी अपघातात सापडलंय का हे बाहेरून बघून कळत नाही. ब्रिटनमध्ये सोफ्याला आग-सुरक्षेचं लेबल लागतं, ते कापून टाकलं असेल तर दुकानं तो सोफा सहसा घेत नाहीत. विजेच्या वस्तू तपासणीची सोय असेल तिथेच चालतात.

न विकलेले कपडे आधी दुसऱ्या शाखेत जातात, मग किलोच्या भावाने चिंध्यांच्या व्यापाऱ्याकडे. त्यातले पुष्कळ परदेशी जातात, घानामध्ये अक्रा शहरातला कांतामांतो बाजार अशा गाठोड्यांवरच चालतो. तिथले व्यापारी गाठोडं न उघडता विकत घेतात, आत फाटकं-डागाळलेलं निघालं की नुकसान त्यांचं आणि कचरा त्या शहराचा, म्हणजे आपण इथे पिशवीत काय भरतो त्याचा त्रास थेट तिथपर्यंत पोचतो.

द्यायच्या आधी कपडे धुऊन पूर्ण वाळवावेत, बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधाव्यात म्हणजे जोडी फुटत नाही, आणि जिगसॉ पझल देत असाल तर तुकडे मोजून "सगळे आहेत" अशी चिठ्ठी डब्यात टाकावी, कारण हजार तुकडे मोजत बसायला तिथे कुणालाच वेळ नसतो.